पंच क्रमांक दोन

हवालदार म्हणाला, तांबोळी, दोन सह्यांचं काम आहे,
चहा होईस्तोवर परत येशील.
पंक्चरची ट्यूब घमेल्यात तशीच सोडून
मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

मखमलाबादचा कालवा. छाटणीनंतरचे दिवस,
बागांतल्या माणसांची बोटं मोरचुदानं निळी.
जाळीला अडकलेलं पोर
आधीच नेलं होतं सिव्हिलला.
राहिली होती एक सोळा इंची सायकल,
लाल, हँडलला झालर.

साहेब सांगत गेले, रायटर लिहीत गेला:
भरावावर, काठापासून चार फूट तीन इंच,
पुढचं चाक पाण्याकडे.
मी म्हणालो, साहेब, स्टँडवर आहे.
काय?
सायकल. स्टँडवर उभी आहे. तेही लिहा.

लिहिलं.
त्या खटल्यात माझं म्हणावं असं एवढंच.

निनादची आई कोर्टात म्हणाली,
तो कधीच स्टँड लावायचा नाही,
दारात आडवी टाकून आत पळायचा.
मी रोज ओरडायचे, म्हणाली,
आणि पुढचं वाक्य तिला सापडेना.
जजसाहेबांनी पाणी द्यायला सांगितलं.

मग मला बोलावलं.
धंदा? सायकल दुरुस्ती. किती वर्षं? एकतीस.
लाखेचं सील तोडून सायकल समोर ठेवली,
चिठ्ठीवर माझीच सही, पावसाळी ओलीनं फुगलेली.
सरकारी वकील बाई म्हणाल्या, स्टँड लावून दाखवा.
स्प्रिंग गंजलेली. हातानं हलेना.
टाच टेकवून सगळा भार दिला तेव्हा
खट्.
सगळ्या कोर्टाला ऐकू गेलं.
मावशीचा नवरा पिंजऱ्यात उभा,
पंख्याकडे पाहत होता.

बचावाचे वकील उठले.
खून होताना तुम्ही पाहिला? नाही.
कोणी पाहिला?
माझ्या माहितीत, कोणीच नाही.
बस्स, म्हणाले,
आणि कोट सावरून खाली बसले.

निकाल मुलीनं वाचून दाखवला.
त्यात पानोपानी साखळी.
साखळी मला कळते,
एक कडी निसटली की पेडल नुसतं फिरतं,
माणूस जागच्या जागी.
मी डोळे मिटून एकेक कडी चाचपत गेलो:
पाटकऱ्याची वही, आवर्तन सुटलं रात्री दहाला,
तोवर कालवा कोरडा.
डॉक्टरांचा कागद, छातीत पाण्याचा थेंब नाही,
जीव गेला दिवेलागणीच्या आत.
भेळवाली सिंधूबाई, दोघं आले साडेचारला,
पोरगं तिखट नको म्हणालं, म्हणून ध्यानात.
बनियनवर निळा डाग,
आणि त्या दिवशी बोर्डो मारलेली बाग एकच.
साडेचारनंतर काय झालं
ते सांगता येण्यासारखा एकच माणूस,
आणि तो प्रत्येक प्रश्नाला म्हणाला, खोटं आहे,
खोटं आहे, मला माहीत नाही.

यातलं एकही म्हणजे खून नाही.
डाग म्हणजे खून नाही. भेळ म्हणजे खून नाही.
कारण तर बाईंनाही नीट जोडता आलं नाही,
घराच्या वाटणीचं काहीबाही.
जजनी लिहिलं, ही कडी सैल आहे,
तुटलेली नाही.

जन्मठेप.

मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं.
तो सायकल पाण्यात ढकलू शकला असता.
आडवी टाकली असती तरी
मी काय सांगणार होतो?
पण बापानं कधीतरी लहानपणी
टपली मारून शिकवलं असेल,
गाडी अशी लोळवू नये.
सगळं उरकल्यावर, अंधार पडता पडता,
त्याच्या टाचेला ते आठवलं.
हातांना काही आठवलं नाही.

दुकानापुढे पोरं अजून सायकली आडव्या टाकतात,
चाकं आकाशाकडे, फिरत राहिलेली.
पूर्वी मी ओरडायचो.
आता पाय उचलून
वरून जातो.