आठ तोळ्यांना थोडा कमी

दाभोली नाक्यावरच्या माझ्या दुकानात
हल्ली सोनं कमी येतं. तराजू मात्र रोज लागतो.
सकाळी पावणेसातला, दाणे घालण्याआधी,
बोंडू पारड्यात येऊन बसतो,
स्वतःहून, जुन्या गिऱ्हाइकासारखा.
ब्याण्णव ग्रॅम.
आठ तोळ्यांना थोडा कमी.
मी लिहून ठेवतो,
बाबांच्या गहाणवहीच्या उरलेल्या पानांवर.

कॉकटील. कुडाळहून आणलेला.
गालावर पिकल्या काजूबोंडाचा रंग, म्हणून बोंडू.

मग पिंजऱ्यातला कागद काढतो.
लोक बातम्या वाचतात,
मी बातम्यांवर पडलेलं वाचतो:
हिरवं ते घट्ट, पांढरं ते पांढरं,
कडेला जराशी ओल.
एवढं असलं की चहा घ्यायला मी मोकळा.

भाद्रपदात एक दिवस काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.
पारडं पुसलं, परत तोललं.
चौऱ्याऐंशी.
पिसं फुगवलेली, मान झटकत होता,
तुऱ्याला चिकट काहीतरी लागलेलं.
गळ्याखालची पिशवी रात्री भरलेली, ती तशीच,
बोटाला कणकेच्या गोळ्यासारखी.
चोचीला वास शिळ्या माडीचा.

डॉक्टर पालयेकरांनी विचारलं, काय खाल्लं यानं?
मी इनासमायचं नाव सांगितलं.
ती तिन्हीसांजेला येते, चहात बुडवलेला पाव घेऊन,
"एक तुकडो खाल्ल्यान तर काय जाता रे?
बारीकच मा तो."
कधी वेफर, कधी सुक्या बांगड्याचं शेपूट,
नाताळात केक.
बंद करा, डॉक्टर म्हणाले.
मीठ नको, चहा नको, दूध पाखराला पचत नाही,
आणि चॉकलेट घरात दिसलं तरी लपवा.
औषधाचं माप लिहिता लिहिता त्यांनी विचारलं,
भिजवलेलं काही देता?

मूग. सकाळी घालतो.

आणि काढता कधी?

चतुर्थी तोंडावर होती,
चांदीच्या दुर्वांच्या सात जुड्या द्यायच्या होत्या.
फुंकणी तोंडात, घाम डोळ्यांत,
आणि वाटीतले मूग बुळबुळीत होत चाललेले
मला बसल्या जागेवरून दिसत होते.
आपल्या हवेत बंद बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं,
मुगाला किती वेळ लागणार?
उद्या काढू, म्हटलं होतं. दोनदा.

डॉक्टर वाट बघत राहिले.
इनासमायचं नाव मी मागे घेतलं नाही.

चार रात्री बल्बच्या उबेला पिंजरा.
दर वेळी अंगठ्यानं पिशवी चाचपायची,
रिकामी होतेय का, होतेय का.
झोप लागेना तेव्हा दुकान आवरलं:
रेणाचे तुकडे, जस्ताची तार,
आणि खालच्या खणात आजोबांची डबी, गुंजांची.
लाल, काळ्या डोळ्याच्या.
चार पिढ्या आम्ही यांनी सोनं तोललं;
एक फोडून खाल्ली असती तर
तोलायला बोंडू उरला नसता.
डबीला कुलूप घातलं आणि पिंजरा
मागच्या पडवीत नेला, भात्यापासून लांब.

शहाऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशी.
तो आकडा लिहिताना पेन दोनदा अडलं.
अठ्ठ्याऐंशी.

इनासमाय तेवढे दिवस आली नाही.
कुणीतरी तिला सांगितलं असणार.
कुणीतरी म्हणजे मीच,
फार्मसीत, तेल्याच्या दुकानात, बंदरावर.

नव्वद झाले त्या दिवशी तिच्या दारात गेलो.
मूग होते, म्हणालो. माझेच.
ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.
खूप वेळाने म्हणाली,
"आणि माझो पाव?"
पाव पण, म्हणालो. पण आधी मूग.
"बरा," एवढंच.

दुसऱ्या दिवशी पडवीत शेवग्याच्या पाल्याची जुडी,
पेरूची एक फोड, बिया काढलेली,
आणि तिचा आवाज कुंपणापलीकडून:
"तीन पाण्यांत धुवन हाडलंय.
दोन तासांनी काढून टाक.
विसारशीत तर मी येतंय बघूक."

येते. रोज, घड्याळ बघून.
आज ब्याण्णव.
तिने चष्मा लावून काटा स्वतः वाचला,
माझ्यावर तिचा विश्वास नाही.