दोन काउंटर, एक स्टेपलर

होटगी रोडच्या विमानतळावर आमचे काउंटर दोन,
मधे हातभर जागा.
माझ्या पाठीमागं निळं पाखरू,
नागमणीच्या पाठीमागं केशरी शेपूट.
तिचं विमान सकाळी, माझं दुपारी,
आणि स्टेपलर एकच, तोही तिचा.
माझा पहिल्या आठवड्यातच मोडला,
मागणीपत्र अजून मुंबईत फिरतंय.

परवा पेपरात आतल्या पानावर चौकोन आला,
शेंगाचटणीच्या जाहिरातीखाली:
दोन्ही कंपन्या एकत्र येण्याची शक्यता तपासत आहेत.
"तपासताहेत म्हणजे ठरलं," इरण्णा म्हणाला.
तो पेट्या चढवतो, दोघींच्याही, ठेकेदाराकडून.
"मला काय ओ ताई, पाखरू असू दे नाहीतर शेपूट,
पेटीचं वजन तेवढंच भरतंय.
फक्त ठेकेदार दोनाचा एक झाला
की दिवाळीचा पुडा पण एकच."

पीरजादे इंजिनियर मात्र खूश.
पंख्याच्या विमानाला हात लावून लावून
लायसन गंजलं म्हणतो.
एकत्र झाले की मोठी विमानं येतील,
त्याची बदली हैदराबादला होईल,
सासुरवाडी तिथंच आहे. त्यानं बायकोला सांगूनही टाकलंय.

वैमानिक आमच्याशी फार बोलत नाहीत.
पण उशीर झालेल्या एका दुपारी
कॅप्टन डिमेलो चहाचा कागदी कप चुरगळत म्हणाल्या,
"आमच्यात यादी असते. कोण कधी लागलं त्याची.
दोन याद्या एकमेकीत घालायच्या कशा,
एवढंच खरं भांडण. बाकी सगळा रंग."

घरी येऊन मीही यादी घातली, मनातल्या मनात.
नागमणी माझ्यानंतर लागली, सव्वातीन महिन्यांनी.
तिचा पहिला बोर्डिंग पास मी छापून दाखवलेला,
उलटा निघालेला, आम्ही केवढ्या हसलो होतो.
पण विकत घेणार ती तिची कंपनी.

अप्पा यंत्रमागावर सांधणी करायचे, अशोक चौकात.
नवी बीम आली की जुन्याचं टोक, नव्याचं टोक,
चिमटीत धरून गाठ. एका बैठकीला चोवीसशे गाठी.
मी विचारलं, "आणि नव्यात दोन हजारच धागे असले तर?"
मागानं कान नेलेत त्यांचे,
दोनदा ओरडून विचारावं लागलं.
"मग चारशे सुटे."
"त्यांचं काय करायचे?"
"टाकत नाही कुणी. जॉबर तेल पुसतो त्यानं."
इतकं सहज म्हणाले,
आणि कडक भाकरी आमटीत मोडली.

दुसऱ्या दिवशी पीरजादे पंख्याखाली उभा, हात पुसत.
मुठीत सुताचा बोळा,
त्यात एक धागा लाल, चादरीतला असावा.
मी उगाच बघत राहिले,
मागून कुणीतरी खिडकीजवळची सीट मागत होतं.

नागमणी आणि मी या विषयावर बोललो नाही.
एकदाच ती म्हणाली,
"आमच्यात साडी, तुमच्यात पँट. एक झालो तर गं?"
"धोतर," मी म्हटलं.
हसताना तिच्या हातून टॅगांचा गठ्ठा सांडला,
दोघी खाली वाकून गोळा करत होतो.
तिथंच, काउंटरखाली, मान वर न करता
तिनं विचारलं,
"तू नेमकी कधी लागलीस? तारीख?"

मला तारीख माहीत होती. वारही.
गुरुवार होता, नवे बूट चावत होते.
"आठवत नाही बाई," मी म्हटलं.

ती उठली. साडीची निरी नीट केली.
तिचं विमान गेलं, तिनं काउंटरवर पाटी उलटी ठेवली,
पर्स घेतली,
आणि रोज ड्रॉवरमध्ये कुलपात जाणारा स्टेपलर
त्या हातभर जागेत राहू दिला.
विसरली असेल.
दुपारभर मी त्याला हात लावला नाही,
पास टाचणीनं जोडत बसले.