पाव तास

पोलीस ठाण्यातल्या फॉर्मवर भाडेकरूचं नाव मी लिहिलं,
खिमराज पुन.
गावाचं नाव तीनदा ऐकून शेवटी कागदच त्याच्याकडे सरकवला.
त्यानं लिहिलं. आपलाच काना, आपलीच वेलांटी.
शिपाई म्हणाला, अक्षर तर एक, देश कशाला वेगळा?
पण रकाना होता. भरावा लागला.

मागची खोली. आधी तिथं नारळ असायचे.
पंखा फक्त तीनवर फिरतो, हे मी हातानं तीन बोटं दाखवून सांगितलं.
संध्याकाळी म्हापशाच्या बाजारातून येताना
तो पाट्या मोठ्यानं वाचत आला:
येथे वाहने उभी करू नयेत.
दातांचा दवाखाना, पहिला मजला.
सुके बांगडे होलसेल भावात मिळतील.
एक चूक नाही, आणि एकाचाही अर्थ नाही,
जसं मी वर्षानुवर्षं देवीचं स्तोत्र म्हणत आलेय.

पहिल्या रात्री आमटीभात दिला.
एक घास घेऊन म्हणाला, मीठो छ.
मी मिठाची बरणी पुढं केली.
तो संकोचला, चिमूटभर घेतलं, खारट भात संपवला.
चवदार म्हणाला होता, हे मला कळलं चौथ्या दिवशी.

भोक लाग्यो, असं दारात उभं राहून म्हणाला तेव्हा
मी त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, कुठं फाटलाय.
दुपारी अंगणात, कति घाम!
आणि बघत होता वर.
घाम आला की माणूस वर कशाला बघेल?
त्यांच्यात घाम म्हणजे ऊन.
दोघंही कपाळ पुसत होतो, दोघंही बरोबर होतो.

मी हसले नाही.
गडहिंग्लजहून या घरात आले त्या आठवड्यात
सासूबाई म्हणाल्या होत्या, आज नुस्तें ना.
नुसतं काय नाही? मी विचारलं.
मासळीची टोपली घेऊन आलेली बाई ओट्यावर बसून हसली,
सासरे हसले, शेजारची एस्पेरान्स कुंपणापलीकडून हसली.
एकतीस वर्षं झाली.
लग्नाकार्यात अजून कुणीतरी ते सांगतंच.

खिमराज कायतानच्या भट्टीवर लागला, पदेराकडे.
पहाटे दोनला पीठ मळायचं.
पीठ तिथंही पिठोच, तेवढी एक सोय.
तो रोज पाव तास आधी पोचतो
आणि कायतान सगळ्यांना सांगत सुटतो,
असा कामसू पोरगा पाहिला नाही.
खरं म्हणजे त्याचं मनगटी घड्याळ तिकडचं आहे.
तिकडं पाव तास आधी उजाडतं.
बदल की रे, म्हटलं. काटा फिरवून दाखवला.
त्यानं हात हळूच मागं घेतला.
आमा, एवढंच म्हणाला,
आणि चूल फुंकल्यासारखं तोंड केलं.

पाव म्हणजे हे? त्यानं गरम पाव दाखवून विचारलं.
हेही. आणि चारातला एक भाग, तोही पाव.
खडूनं फरशीवर भाकरीएवढा गोल काढून मी चार तुकडे केले,
एकावर बोट ठेवलं.
तो उरलेल्या तिनांकडे बघत बसला.
फरशी पुसायची राहिली त्या दिवशी.

आज नववा दिवस.
सायकलचा भोंगा वाजायच्या आधी फाटक वाजलं.
भिंतीवर पावणेसहा, त्याच्या हातावर सहा.
केसांत पीठ, कोपरापर्यंत भाजल्याचे ताजे डाग,
कागदात चार पाव.
चहा टाकला.
पायरीवर बसून त्यानं बूट काढले, आतली वाळू झाडली
(म्हणजे समुद्र बघून आला होता, मला न सांगता)
आणि भट्टीवरून उचलून आणलेले शब्द
एकेक जपून, जणू गरम आहेत, खाली ठेवले:
दिदी, फाल्यां... नुस्तें?

मी गाळणं हातात धरून उभी राहिले.
आसा, म्हटलं. नुस्तें आसा.