लेबल

मेयोत एकतीस वर्षं नोकरी केली.
डॉक्टर कितीही मोठा असो,
सुई भरण्याआधी
बाटलीवरचं लेबल उजेडात धरायचं,
हा हाताला लागलेला नेम.
कुणाला राग यायचा. येऊ दे.

मे महिन्यातला रविवार, सदरचं चर्च,
कूलरला पाणी नाही.
पाळक सोनटक्के म्हणाले,
"दशांश देणाऱ्याच्या घरी
दुखणं पायरी चढत नाही, असं लिहिलंय."
सगळे आमेन म्हणाले. मीही.
मग आठवली रूथ गजभिये, आमच्याच ड्युटीवरची,
पगाराचं पाकीट न फोडता द्यायची.
छातीत गाठ. बेचाळिसाव्या वर्षी गेली.

तीन रात्री भिंग घेऊन बसले,
उत्पत्तीपासून धरलं.
सापडलं नाही.

बुधवारी त्यांना गेटपाशी गाठलं.
स्कूटर सुरू ठेवूनच म्हणाले,
"सेमिनरीतल्या सरांच्या वहीत आहे, सिस्टर."
म्हटलं, "आणि सरांनी कुठं पाहिलं?"
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
स्कूटर बंद केली.

या रविवारी अध्याय सांगितला, वचन सांगितलं
आणि थांबले.
पानं सळसळली, चार-पाच जणांची.
माझी घामानं चिकटलेली,
नख लावून
सोडवत बसले.