फटीवरची जागा

पहाटे साडेपाच. बेळगावचं स्टँड.
पणजीच्या गाडीचा कंडक्टर तिकिटांचं मशीन झटकून बघतोय
आणि नीलव्वाचा पत्ता नाही.
फोन बंद आहे की गं तिचा, फिलोमिन म्हणते.
मी मांड्यांचा डबा मांडीवरून उतरवत नाही,
त्यावरच बोटं मोडत हिशेब करते:
खोलीचे अठराशे.
त्यांचे सातशे-सातशे, माझे चारशे,
कारण मी फटीवर झोपते.
आज दोघीच, म्हणजे नऊशे-नऊशे,
म्हणजे अर्धा डबा खोलीनंच खाल्ला.

दोन खाटा कितीही जोडल्या तरी मधे फट राहते.
नीलव्वा अंगानं जाड, ती भिंतीकडं.
फिलोमिनचा गुडघा धरतो, ती बाथरूमच्या बाजूला.
मधे मी.
कण्याखाली ती पोकळी, आणि पोकळीवर घडी करून
नीलव्वाची न खपलेली एक साडी,
वडगावच्या मागावरची, हिरव्या काठाची.

पहिल्या खेपेला लॉजच्या वहीत
राज्याच्या रकान्यात मी लिहिलं: बेळगाव.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, हे राज्य नव्हे हो.
फिलोमिन हसली. नीलव्वा हसली नाही,
तिला मराठी वाचता येत नाही.
वर जाताना तिला कानडीत सांगितलं
तेव्हा ती जिन्यातच बसली, पदर तोंडात धरून.

समुद्राकडच्या खोलीला साडेतीन हजार.
आमची मागच्या अंगाची, गटाराकडची,
आणि तिचीही खिडकी मी उघडू देत नाही.
खारी हवा लागली की मांडे मऊ पडतात,
कडक घडीचं ओलं फडकं होतं.
चार वर्षं जायल्याव आम्ही,
समुद्र बघितला तो पुलावरून, बसच्या काचेतून.
फिलोमिन म्हणते, अगं तो समुद्र नव्हे, मांडवी.

दिवा मालवला की मात्र
समुद्राकडची खोली घेतोच आम्ही.
कुणी पडदे लावतं, कुणी दोन उशा मागवतं.
मनातले मांडे.
त्यांना हवा लागत नाही.

मध्यरात्री नीलव्वा बोलते: निद्दी बरवल्दु.
झोप येईना, असं ती झोपेतच म्हणते.
आणि मीही म्हणे झोपेतच उत्तर देते:
सुम्न मलगव्वा.
जागेपणी मला एवढं कानडी येत नाही.

कंडक्टरनं शिट्टी तोंडात धरलीय.
मागच्या बाकावरून एक पोरगी उठून येते,
पाठीला सॅक, छातीशी फाइल.
हलशीची. शिवलीला. दवाखान्यात मुलाखत, उद्या सकाळी दहाला.
मावशी, ऐकलं मी तुमचं. रात्रीपुरती येऊ तुमच्यात?
चारशेच आहेत माझ्याकडं.
फिलोमिन एकच विचारते:
घोरतेस काय?
ठाऊक नाही, पोरगी म्हणते,
आजवर एकटीच झोपले.

म्हणजे फट तिची.
म्हणजे मी भिंतीकडं, सातशेला.
बढती झाली म्हण की, फिलोमिन कोपर मारते.
मला ती साडी आठवते. ती तर नीलव्वाकडंच राहिली.
पोरीच्या पाठीखाली आता काय घालायचं?

पिरनवाडी मागं पडते तसा फोन वाजतो.
नीलव्वा. सुनेच्या कळा रात्रीच सुरू झाल्या,
मुलगी झाली, तीन किलो,
आणि त्याच श्वासात:
मागच्या खेपेचे वीस रुपये तुझ्याकडं हाईत बरं का!
हाईत, मी म्हणते, पुढच्या खेपेला देते.
सुट्टे आत्ताही आहेत बटव्यात.
ते मी कधीच देणार नाही.

जांबोटीच्या वळणाला
पोरगी माझ्या खांद्यावर कलते, तोंड किंचित उघडं.
डब्याला धक्का लागू नये म्हणून मी श्वास धरते.
फिलोमिन पलीकडून वाकून कान देते,
बराच वेळ.
मग बोटांची चिमूट करून दाखवते:
बारीक.
पण घोरते.