धूर कुणीकडे

दुपारी वारा नाम लोल्वेवरून येतो.
तेव्हा आम्ही बायका ओमेना उलथतो,
करंगळीएवढी मासळी, जुन्या जाळ्यांवर पसरलेली,
नुसता चांदीचा कोंडा.
वाळू पायाला टेकू देत नाही.
तिच्यावरची हवा तापते, हलकी होते, उठून जाते,
आणि तिच्या जागेवर पाण्यावरची गार हवा येऊन बसते,
दवाखान्यातल्या बाकावर
एक उठली की दुसरी टेकते तशी.
दोन दिवसांत मासळी खडखडीत.
या वाऱ्यावर माझी चूल पेटते. त्याला नावं ठेवणार नाही.

पण रात्री तो फिरतो.
वाळूच्या पोटात काही राहत नाही, तासाभरात निवते.
पाणी मनात धरून ठेवतं,
दिवसभराचं ऊन पहाटेपर्यंत कोमट सांभाळतं.
मग टेकडीवरचा गारठा उतरतो
माझ्या पत्र्यावरून, खुराड्यावरून,
आणि होड्यांच्या पाठीवर हात ठेवून
त्यांना आत घेऊन जातो.
ओबुरा म्हणतो, जाताना वल्हं मारावंच लागत नाही.
हेच तर मला आवडत नाही.

अमावास्येला सगळे जातात. अंधार असला
तरच मासे दिव्याला भुलतात.
इथून बघितलं तर पाण्यात गाव वसलेलं दिसतं,
ज्या गावात एकही बाई नाही.

माझा भाऊ ओग्वेनो होमा बेला
रेडिओवर हवामान वाचतो.
त्यानं एकदा ताटातल्या उगालीत बोटानं खळगा करून दाखवला:
हे आपलं पाणी. हा आपला काठ,
हा युगांडाचा, हा खालचा टांझानियाचा.
तिथल्या अंगणांतूनही रात्री असाच गारवा निघतो,
तोही मधेच यायला.
चहूकडचे वारे तिथे समोरासमोर येतात,
मागे सरायला कुणालाच जागा नाही.
मग एकच वाट उरते. वर.
कोमट, ओली हवा उभीच्या उभी चढते,
चढता चढता गारठते,
आणि तीनच्या सुमारास सगळं एकदम खाली.
एवढं सांगून त्यानं तो खळगा खाऊन टाकला.

आता रात्री फोनवर त्याचा आवाज येतो:
मध्यरात्रीनंतर वादळ, लाटा उंच, आत जाऊ नये.
ओबुरा दिव्यात बॅटरी घालत विचारतो,
याला तिथून मासे दिसतात का?
मी काही बोलत नाही. शाळेची फी भरायची आहे.

अशाच एका रात्री पोरगा झाला.
पावसात जन्मला म्हणून ओकोथ.
सुईण पाणी तापवत होती, मी कळांच्या मधे
दाराच्या फटीतून दिवे मोजत होते.
अकरा गेले होते. सकाळी दहा आले.
ओबुराचा आला.
दहा म्हणायची माझी जीभ अजून होत नाही.

सांजेला एक वेळ अशी येते
की वाळू आणि पाणी सारखंच गरम असतं.
वारा पडतो. पानही हलत नाही.
काल त्या वेळी आम्ही चुलीपाशी जेवत होतो.
धूर सरळ उभा होता.
चौदा वर्षांचा ओकोथ, तोंडात घास,
वरही न बघता
आपलं स्टूल उचलून
टेकडीच्या बाजूला जाऊन बसला.

थोड्या वेळानं धूर पाण्याकडे वळला.