माझं वजन वजा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बॉयलर गेला.
गॅसवाल्याने झाकण उघडून आत पाहिलं,
खोकला, आणि हात पुसत म्हणाला,
तेवीसशे.

स्विंडनची थंडी ओली असते,
ती मोज्यांतून शिरते.
मृदुलाने माझ्याकडे पाहिलं नाही,
छताकडे पाहिलं.
वरच्या लहान खोलीत बावीस वर्षांचे लेगो.

लोक विचारतात, मुलाचे का?
निषादला आठव्या वर्षीच फुटबॉल सापडला.
माझे. पहिला खोका चाळिसाव्या वाढदिवसाला
मीच मला आणला,
पावती शर्टाच्या खिशात लपवली
आणि ती धुण्यात गेली.

इचलकरंजीत शेजारी पेठ्यांच्या अरुणकडे मेकॅनो होता.
खेळून झालं की त्याची आई
दारात उभी राहून नट मोजून घ्यायची.
एकदा एक कमी भरला.
माझ्या चड्डीचे खिसे उलटे करून दाखवले मी,
न सांगताच.

जोडायला पुस्तिका पुरते.
सोडवायचं तर तीच शेवटून वाचायची:
पान दोनशे चौदा, मग दोनशे तेरा.
आगबोटीचं आधी धुराडं काढलं, मग डेक,
मग आतल्या खोल्या, ज्या जोडल्यानंतर
कुणालाच दिसत नाहीत, मलाही नाहीत.
तिथे एक पलंग होता. विसरलो होतो.
नऊ संध्याकाळी लागल्या.
पहिल्या पानावर उरल्या
दोन करड्या पट्ट्या, एकीवर एक आडवी.

हट्टी विटा दातांनी सोडवल्या.
रंग निवडून श्रीखंडाचे डबे भरले,
पिवळ्या नेमक्या आम्रखंडात गेल्या,
ते मी मुद्दाम केलं नाही.
खिडकीकडच्या पांढऱ्या विटा
आता माझ्या दातांच्या रंगाच्या.

गेथिन न्यूपोर्टहून पूल ओलांडून व्हॅन घेऊन आला.
भला माणूस, बूट दारात काढले.
म्हणाला, सुट्या विटा किलोवर,
आणि काटा घरीच विसरलो.

म्हणून न्हाणीघरातला आमचा काटा.
क्रेट उचलून मी उभा राहिलो: साडेएक्क्याऐंशी.
क्रेट खाली ठेवून: एकोणसत्तर.
गेथिनने पुठ्ठ्यावर वजाबाकी केली, साडेबारा.
पुन्हा दुसरा क्रेट, पुन्हा मी.
तिसऱ्याला म्हणाला, तुम्ही आता नुसते नका चढू,
तुमचा आकडा आहे माझ्याकडे.

माणसं वेगळी विकतात, त्याने सांगितलं.
टोप्या वेगळ्या, केस वेगळे.
घोड्यांना भाव बरा.
आणि हा स्टेशनमास्तर?
त्याने अंगठ्याने त्याची धूळ पुसली.
मिशी छापील आहे, म्हणाला, चार पौंड.
मी मोठ्याने हसलो.
मृदुला स्वयंपाकघरातून बघायला आली
काय झालं म्हणून.

एकोणीसशे, रोख. उरलेले चारशे बँकेतून.
एक तरी ठेवायचा होतास, ती म्हणाली,
व्हॅन वळून गेल्यावर.
ठेवला असता तर रोज त्याने विचारलं असतं
बाकीचे कुठे गेले.
हे मी बोललो नाही. म्हटलं,
जागा कुठे आहे. खोली तर रिकामी होती.

मंगळवारी नवा बॉयलर आला, खोक्यातून,
सोबत पुस्तिका, आकृत्या, बाण.
बसवणारा पोरगा तेवीस-चोवीसचा, नाव काइल.
टॉर्च धराल का, म्हणाला.
दोन तास धरला.
तो पान उलटायच्या आधी
पुढची पायरी मला कळत होती,
तरी गप्प बसलो.

संध्याकाळी नळ्या तापू लागल्या,
भिंतीतून टक्, थोड्या वेळाने परत टक्.
काइल गुडघ्यांवर बसून
तळहातावरच्या एका स्क्रूकडे पाहत होता.
पुस्तिका पुढून वाचली त्याने, मागून वाचली,
कपाळाला घाम.

मी म्हणालो, असू दे.
जास्तीचा देतात ते.
आणि तो माझ्याकडे मागितला.